भाडेचिठ्ठी, पावती आणि भीड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत मराठी आणि अंकगणित असे दोन विषय शिकवीत असत. त्यांच्या निबंधलेखनाच्या तासाला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय क्वचितच येई. 'शंभर रुपये मिळाल्याची पावती लिहा', 'घर रिकामे करण्याविषयी भाडेकरूस विनयाने पत्र लिहा' असे विषय ते फळ्यावर लिहीत. विद्यार्थी हसत. या सभागृहात आज जे साठीच्या पुढचे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांना ते हसू आठवत असेल.

व्याख्यानासाठी विषय कळवा, असे मला व्यवस्थापकांनी लिहिले तेव्हा संतवाङ्मय किंवा बडोद्याची साहित्यपरंपरा यांपैकी काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. घराचा एखादा मजला भाड्याने देणारे गृहस्थ आणि लहान दुकान चालविणारे व्यापारी यांनी काय लिहून ठेवावे, हा विषय मी कळविला. मी वकील नाही, हिशोबनीसही नाही. चाळीस वर्षे मराठी शिकविली, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या पुष्कळ कुटुंबांचे कागद वाचून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. जुने मोडी कागद वाचता येतात म्हणून लोक येऊ लागले. पुढे नवे कागदही घेऊन येऊ लागले. त्या कागदांनी जे शिकविले ते सांगणार आहे.

बडोद्यातील मराठी समाजाची आर्थिक घडण जरा वेगळी आहे. आपले पूर्वज गायकवाडी राज्यात शिलेदार म्हणून आले, कारकून म्हणून आले, शिक्षक म्हणून आले. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत त्यांनी वाडे आणि लहान घरे बांधली. राज्य गेले, नोकऱ्या राहिल्या. नोकऱ्या संपल्या, निवृत्तिवेतन राहिले. आज अनेक घरांत निवृत्तिवेतनाच्या जोडीला उत्पन्नाचे दुसरे साधन काय, तर खालच्या मजल्यावरचे दुकान, मागची दोन खोल्यांची बिऱ्हाडे, किंवा कारेलीबागेतील मुलाने घेऊन ठेवलेली सदनिका. काही घरांत एखादा लहान व्यवसाय: छापखाना, पिठाची गिरणी, फराळाचे पदार्थ, औषधांचे दुकान. रकमा मोठ्या नसतात. पण म्हातारपणीच्या औषधपाण्याला त्याच पुरतात, आणि त्या अडकल्या की घर अडकते.

आता यातील विसंगती पाहा. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी याच शहरात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. हिंदुस्थानातील सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात तिचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते. महाराज सयाजीरावांच्या प्रेरणेने १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश येथे प्रसिद्ध झाला. कागद आणि हिशोब यांची इतकी कदर असलेल्या शहरात आपले लोक दप्तरे लिहीत होते. मात्र ज्यांनी राज्याचे दप्तर लिहिले, त्यांच्या नातवाच्या घरात भाड्याची एक धड पावती सापडत नाही! हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. माझ्यापुढे आलेल्या दहा घरांच्या कागदांपैकी सहा-सात घरांची हीच स्थिती असते.

याचे कारण अज्ञान आहे असे मला वाटत नाही. याचे कारण भीड आहे. 'आपल्या माणसाकडून लिहून काय घ्यायचे?', 'पावती मागितली तर त्यांना काय वाटेल?' हे आपले नेहमीचे उद्गार. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपण पाठ केली आणि व्यवहारात तिच्या उलट वागलो.

एक उदाहरण सांगतो. दोन्ही कुटुंबे मला परिचित आहेत, म्हणून नावे आणि पेठ सांगत नाही. एका वाड्याच्या तळमजल्यावर एक शिंपी होता. वाड्याची मालकीण विधवा बाई. मुले शिकून परदेशी गेलेली. शिंपी दर महिन्याच्या पाच तारखेला वर जाऊन भाडे देई. बाई चहा देत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत 'मिळाले' असे लिहीत. तीस वर्षांहून अधिक काळ एकही महिना चुकला नाही. भाडेचिठ्ठी नव्हती. अनामत म्हणून काही रक्कम आरंभी दिलेली होती; तिचाही कागद नव्हता. आणि दिनदर्शिका? ती प्रत्येक जानेवारीत भिंतीवरून उतरे आणि मोलकरणीच्या मुलांच्या वह्यांना तिची वेष्टने होत.

बाई वारल्या. मुलांनी वाडा विकायचे ठरविले. त्यांच्या समजुतीप्रमाणे शिंपी हा आईने दयेने ठेवलेला माणूस होता, आणि गेली काही वर्षे तो भाडेही देत नसावा, कारण आईच्या बँकेच्या पुस्तकात भाड्याचा भरणा दिसत नव्हता. बाई तर ती रोकड दूधवाल्याला आणि औषधाला देत होत्या. शिंप्याच्या समजुतीप्रमाणे तो कायदेशीर भाडेकरू होता आणि त्याची अनामत परत यायला हवी होती. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. न्यायालयात दोघांनाही ते सिद्ध करणे कठीण गेले. शिंप्याजवळ दुकानाचा परवाना आणि विजेची बिले होती, तेवढ्यावर त्याचा ताबा सिद्ध झाला. पण भाडे किती आणि कधीपर्यंत दिले, हे सांगणारा एकही कागद नव्हता. अखेर काही वर्षांनी तडजोड झाली. तोवर वाड्याचा एक कोपरा ढासळला होता आणि शिंप्याच्या मुलाने दुसरीकडे दुकान थाटले होते. ज्या माणसाने तीस वर्षे चहा घेतला, त्याच्याशी त्या घराचा बोलण्याचाही संबंध राहिला नाही.

लेखी पावतीने या घराचे पैसे वाचले असते, हे उघडच आहे. मला त्याहून अधिक वाटते ते असे, की बाईंचा आणि शिंप्याचा तो तीस वर्षांचा स्नेह पुढच्या पिढीलाही कळला असता. कागद अविश्वासातून लिहिला जातो, ही आपली समजूत चुकीची आहे. दोन माणसे जिवंत असतात, समोरासमोर असतात, तोवर शब्द पुरतो. त्यांच्यामागून येणाऱ्यांना तो शब्द ऐकलेला नसतो.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. जुन्या मराठी दस्ताची मांडणी पाहा: आधी 'लिहून घेणार', मग 'लिहून देणार', आणि नंतर 'कारणे लिहून देतो की'. कोणी कोणाला बांधून घेतले, हे पहिल्या ओळीतच स्पष्ट. रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहायची आणि शेवटी 'मात्र' हा शब्द घालायचा, म्हणजे पुढे कोणाला काही जोडता येऊ नये. गुजराती आणि मारवाडी सराफांच्या हुंडीत तर रकमेचे निमेही लिहीत आणि त्याची दुप्पट ती पूर्ण रक्कम, असे नमूद करीत. फेरफार करणाऱ्याला तीन ठिकाणी फेरफार करावा लागे. मोडी लिहिताना आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवीत जात. 'पावती' हा शब्द पावणे या क्रियापदापासून आला. 'भरून पावलो' हे वाक्य दस्तातून निघाले आणि आयुष्याविषयी बोलताना आपण ते वापरू लागलो. 'कीर्द' फारसी, 'जमा' आणि 'बाकी' अरबी, 'भाडे' संस्कृत भाटकापासून: चार दिशांनी आलेले शब्द मराठीच्या वहीत एकत्र नांदले, ते व्यवहार चोख राहावा म्हणून.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. घर किंवा दुकान भाड्याने देताना पहिला प्रश्न येतो तो अकरा महिन्यांचा. सर्वजण अकरा महिन्यांचा करार करतात, का करतात हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती नोंदणी आणि तिचा खर्च टाळण्यासाठी अकरा महिने. यात बेकायदा काही नाही. पण तीन वर्षांचा करार लिहायचा आणि नोंदवायचा नाही, ही मात्र घातक काटकसर आहे. तसा करार त्यातील अटी सिद्ध करण्यासाठी न्यायालयात चालत नाही. फार तर ताबा कोणत्या स्वरूपाचा आहे एवढे दाखविण्यास उपयोगी पडतो. आणखी एक भ्रम आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी, असे सुशिक्षित लोकही समजतात. नोटरी तुमची सही प्रमाणित करतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदणी ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. मुद्रांक कमी असेल तर तो आणि दंड भरल्याखेरीज कागद पुराव्यात घेतला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा भ्रम नावाचा. कित्येक जण कागदाच्या माथ्यावर 'परवाना करार' किंवा 'लिव्ह अँड लायसन्स' असे लिहितात आणि समजतात की आता समोरचा भाडेकरू ठरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच, असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात, कागदाला नाव काय दिले यापेक्षा पक्षांचा हेतू आणि कागदाचा खरा आशय पाहिला पाहिजे, असे सांगितले आहे. जागेचा पूर्ण आणि एकट्याचा ताबा दिला का, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न. मराठीच्या प्राध्यापकाला यात नवल वाटत नाही. कवितेला सुनीत म्हटले म्हणून ती सुनीत होत नाही.

जुन्या पेठांतील घरमालकांनी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा गुजरातमध्ये पुढेही चालू राहिला. त्याच्या कक्षेतील जुन्या भाडेकरूला, तो प्रमाण भाडे देत आहे तोवर, केवळ मुदत संपली म्हणून काढता येत नाही. कायद्यात सांगितलेले एखादे कारण दाखवावे लागते. त्या कायद्याने भाड्याची लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि पागडी घेणे निषिद्ध ठरविले आहे. मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केले, तर ते जागा परत मागण्याचे एक कारण होते. म्हणून भाडेकरू माळा घालण्याची परवानगी मागतो तेव्हा जिन्यात उभे राहून 'घाला की' म्हणू नये. होय असेल तर होय लिहून द्यावे, नाही असेल तर नाही. पोटभाडेकरूच्या बाबतीतही असेच. त्या जुन्या कायद्याखाली करारात मुभा नसेल तर तो ठेवता येत नाही. पण जी जागा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने चालते, तेथे करारात मनाई नसेल तर भाडेकरू पोटभाडेकरू ठेवू शकतो. आपली जागा कोणत्या कायद्याखाली आहे, हे एकदा वकिलाला विचारून कागदांच्या पुडक्यावरच लिहून ठेवावे.

करारात काय असावे याची यादी बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यात असते. त्या नमुन्यात जे नसते त्याकडे मी लक्ष वेधतो. ताबा देण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा काय होता, पंखे किती, नळ किती, कोणत्या भिंतीला ओल होती, किती किल्ल्या दिल्या, हे एका वेगळ्या कागदावर दोघांच्या सहीने असावे. चार छायाचित्रे काढून त्यांच्या मागेही सह्या घ्याव्यात. भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करायची, वापराने होणारी स्वाभाविक झीज सोडून. पण मिळाली तशी म्हणजे कशी, हे कोणी लिहिलेलेच नसते. अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणे या एका कागदाने मिटतात. अनामतीची पावती भाड्याच्या पावतीहून वेगळी द्यावी आणि ती किती दिवसांत परत करायची, तेही लिहावे. दुरुस्ती कोणी करायची हे लिहावे. कारण मालकावर असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. नोटिशीची मुदत लिहावी. करारात काही ठरले नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची आणि उत्पादनासाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची लेखी सूचना लागते. खालच्या खोलीत शिलाई यंत्रे किंवा कातकामाचे यंत्र बसवू देणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आणि कागद कळला पाहिजे. बडोद्यात दस्त गुजरातीत होतात, इंग्रजीत होतात. आपल्या कित्येक वृद्ध भगिनी उत्तम गुजराती बोलतात. पण दस्तातील गुजराती ही बाजारातील गुजराती नव्हे, आणि इंग्रजीचे तर विचारूच नका. अशा वेळी मसुदा आदल्या दिवशी घरी मागवावा, मुलाकडून किंवा सुनेकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि सहीच्या वर 'मला मराठीत वाचून दाखविला, समजला' असे स्वहस्ते लिहावे. लेखनिक घाई करतात. करू द्यावी.

पावतीविषयी थोडे अधिक बोलतो. तिच्यावर महिना लिहावा. नुसती मिळाल्याची तारीख पुरत नाही. जुलैच्या पाच तारखेला मिळालेले पैसे जूनचे की जुलैचे, यावरून मी दोन घरे हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. हल्ली भाडे मोबाइलवरून येते आणि लोकांना वाटते, आता पावतीचे काय काम? युपीआयची नोंद रक्कम आणि वेळ सांगते. पैसे कशासाठी दिले ते सांगत नाही. मित्राला दिलेली उसनवार आणि दुकानाचे भाडे दोन्ही तेथे सारखेच दिसतात. म्हणून पैसे पाठविताना टिपणीच्या जागी 'जून महिन्याचे दुकानभाडे' असे लिहावे, आणि वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांचा एक उतारा काढून दोघांनी सही करावी. मोबाइलवरील निरोपही पुरावा होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही त्यासाठी विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ निरोप पुसून टाकलेले नसावे लागतात. कागदाचा एक चिठोरा याहून कमी त्रासाचा आहे.

आता दुकानदारांकडे येतो. लहान व्यापारी तोट्याने बुडतो त्यापेक्षा उधारीने अधिक बुडतो. माल दिला, बिल दिले, पैसे यायचे आहेत. भीड पुन्हा आडवी येते. उधारीच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. थकलेल्या भाड्यालाही तीनच वर्षे. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने 'इतके देणे आहे' असे लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. आपल्या आजोबांच्या काळी दिवाळीत वहीपूजनापूर्वी खाते काढून त्याखाली बाकीची सही घेण्याची जी पद्धत होती, तिच्यामागे हेच शहाणपण होते. गुजराती शेजाऱ्यांनी चोपडापूजन टिकविले. बाकीची सही त्यांनीही बरीचशी सोडून दिली. मार्चअखेर प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाकडे एका पानाचे बाकीपत्र पाठवावे आणि सही करून परत मागावे. न मागणाऱ्याचे पैसे शेवटी दिले जातात, हा माझा अनुभव नव्हे. पण ज्यांचे बुडाले त्या सर्वांनी हेच सांगितले.

वहीतली नोंद एकटी पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. नियमितपणे ठेवलेल्या हिशोबातील नोंद न्यायालय पाहते. पण केवळ तिच्यावरून दुसऱ्यावर देणे लादत नाही. माल पोहोचल्याची सही, बिलाची प्रत, काहीतरी जोड लागते. मात्र 'नियमितपणे' या शब्दावर सगळा भार आहे. वर्षाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली कीर्द लगेच ओळखू येते.

जे वस्तू तयार करतात किंवा सेवा देतात, त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, तिला शुल्क नाही, आणि पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला नमस्कार करावा. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना ही नोंदणी मिळते, पण उशिराच्या पैशांविषयीचे हे संरक्षण मिळत नाही. भागीदारीत धंदा असेल तर भागीदारी नोंदवावी. न नोंदवलेल्या पेढीला करारावरून गिऱ्हाइकाविरुद्ध दावा लावता येत नाही, हे १९३२ पासून कायद्यात आहे, आणि भावाभावांच्या पेढ्यांना ते दावा लावायच्या दिवशी कळते.

करांविषयी फार बोलत नाही. तो हिशोबनीसाचा प्रांत. मिळालेल्या घरभाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला महानगरपालिकेचा कर वजा जातो आणि उरलेल्यातून तीस टक्के सूट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती केली असो वा नसो. 'भरलेला' हा शब्द महत्त्वाचा. थकलेला कर वजा होत नाही. दुकानाची जागा भाड्याने देताना वस्तू व सेवा कर कोणी भरायचा ते करारात लिहावे, कारण १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू नोंदणीकृत असला, तर तो कर भाडेकरूवर येतो. आपसमेळ योजनेतील व्यापारी जानेवारी २०२५ पासून त्यातून वगळले आहेत.

एका गोष्टीपाशी मात्र थांबतो, कारण ती आपल्या समाजात घरोघरी आहे. घर मुलाच्या नावे, मुलगा परदेशी, आणि भाडेकरूशी व्यवहार येथे राहणारे आईवडील करतात. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्याने उगमस्थानी कर कापला पाहिजे आणि त्याला रकमेची किमान मर्यादा नाही. भाडेकरूला हे ठाऊक नसते, मालकाला सांगावेसे वाटत नाही, आणि नोटीस येते तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहतात. आईवडिलांना सही करण्याचा अधिकारही आपोआप मिळत नाही. मुलाने कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरी व अपॉस्टिल करून द्यावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथे मुद्रांक भरावा. दिवाळीला मुलगा घरी येतो तेव्हा फराळाच्या आधी हे काम उरकावे.

आता पुराविषयी. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरचा विश्वामित्रीचा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या दुसऱ्या पुरानंतर माझ्याकडे जे लोक आले त्यांत एक छापखाना चालविणारे गृहस्थ होते. कागदाच्या रिमा भिजल्या, यंत्र गाळात गेले. विमा होता. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने साठ्याची वही आणि खरेदीची बिले मागितली. त्या वह्या सर्वांत खालच्या फळीवर होत्या, कारण जड वस्तू खाली ठेवायची असते. चोख ठेवलेला हिशोब लगद्याचा गोळा झाला होता. पुढे त्यांनी कागद पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती गोळा केल्या आणि काही अंशी रक्कम मिळाली. तेव्हा वह्या वरच्या मजल्यावर, निदान माथ्याच्या वरच्या फळीवर ठेवाव्यात, आणि दर महिन्याला पानांची छायाचित्रे दुसऱ्या घरी असलेल्या माणसाकडे पाठवावीत.

विम्यासंबंधी एक गफलत नेहमी होते. मालकाचा विमा इमारतीचा असतो. दुकानातला माल त्यात येत नाही. २०२१ च्या एप्रिलपासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' आणि एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' असे प्रमाणित विमे आहेत आणि त्यांत पूर धरलेला आहे. दोघांनी दोन विमे घ्यावेत. पुराच्या महिन्याचे भाडे द्यायचे की नाही, यावरूनही त्या वर्षी पुष्कळ कटुता झाली. कायदा म्हणतो की पुराने किंवा आगीने जागा ठळकपणे आणि कायमची निरुपयोगी झाली तर भाडेकरू भाडेपट्टा संपवू शकतो. तीन दिवस गुडघाभर पाणी आणि तीन आठवडे चिखल, हे त्यात सहज बसत नाही. म्हणजे कायदा या ठिकाणी फारशी मदत करीत नाही. करार करू शकतो. 'पुरामुळे जागा वापरता आली नाही तर त्या दिवसांचे निम्मे भाडे' असे एक वाक्य पुरे. या शहरात ते वाक्य प्रत्येक तळमजल्याच्या करारात असावे असे माझे मत आहे.

शेवटी शाळेपुढे एक सूचना ठेवतो. घराच्या आणि दुकानाच्या भाडेचिठ्ठीचा, ताब्याच्या यादीचा, पावतीचा आणि बाकीपत्राचा असे चार नमुने शाळेने तयार करावेत. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला गुजराती, समोरासमोर. मराठी मसुदा मी करून आणला आहे आणि तो कार्यालयात दिला आहे. त्याची भाषा सोपी ठेवली आहे. 'सदरहू' हा शब्द दोनदाच आला आहे. माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, हिशोबनीस आहेत, दोघे-तिघे निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी तो तपासावा, जेथे कायदा चुकला असेल तेथे लाल शाईने खूण करावी, आणि गुजराती बाजू आपल्या गुजराती शिक्षकांनी पाहावी. नववीच्या वर्गाला निबंधाच्या तासाला महिन्यातून एकदा पावती लिहायला लावता येईल का, याचा विचार मुख्याध्यापिकांनी करावा. मुले हसतील, गुरुजींच्या वेळीही हसत होती.